एकदम बंद करायचं नाही

सकवारअक्का कुठलीही गोष्ट एकदम बंद करत नसत. कॉफीतली साखर सोडायची ठरवली, तेव्हा वर्षभर चिमूटचिमूट कमी करत राहिल्या. चेन्नईतल्या एका इस्पितळात त्या नवजात बाळांच्या डॉक्टर होत्या, तंजावरकडच्या जुन्या मराठी घरातल्या. मी नाशिकचा, शहराबाहेर ओरगडमच्या कारखान्यात इंजिनांचा धूर तपासणारा.

आमची मीरा जन्मली ती निळी. फुप्फुसातल्या रक्तवाहिन्या उघडल्याच नव्हत्या. अक्का म्हणाल्या, श्वासातून नायट्रिक ऑक्साइड देऊ. माझं डोकंच फिरलं. हा वायू धुरातून कमी व्हावा म्हणून मी पगार घेत होतो, आणि ही बाई तोच माझ्या लेकीच्या नाकात सोडायला निघाली होती. मी चढ्या आवाजात नाही म्हणालो.

अक्का चिडल्या नाहीत. माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. धाकट्या भावाला म्हणतात तसं त्या मला तंबी म्हणायच्या, आणि तान्ह्या बाळाला पाप्पा.

"तंबी, तें आपल्या अंगांत पण होतें. रक्ताच्या नळीची भिंत तें करते, नळी सैल पडते. पाप्पाला तेंच कमी पडलें. मी थोडकेंच देतें."

मी हो म्हणालो. काही वेळातच मीराचे ओठ गुलाबी झाले.

अवघड काम पुढेच होतं. हा वायू एकदम तोडला तर रक्तवाहिन्या पुन्हा आवळतात. म्हणून अक्का स्वतः मशीनपाशी उभ्या राहून बटण जरा जरा मागे घ्यायच्या. अगदी शेवटी, बंद करताना, मीरा पुन्हा निळी पडली. मी भिंतीला टेकून रडलो. अक्कांनी वायू परत सुरू केला आणि म्हणाल्या, "सरी, असूं दे. उद्या परत पाहूं." दुसऱ्या दिवशीही जमलं नाही. उत्तर तेच. अशी हट्टी बाई मी दुसरी पाहिली नाही. पुढच्या खेपेला मशीन थांबलं आणि मीरा गुलाबीच राहिली.

मीरा पाच वर्षांची झाली, ठणठणीत होती, तरी जिना आला की मी तिला कडेवर घ्यायचो. तपासणीच्या दिवशी अक्कांनी ते पाहिलं.

"पाप्पाचें मशीन मी काढलें. तुझें तूं कधी काढतोस?" मग स्वतःच हसून म्हणाल्या, "एकदम नको. आज एक पायरी."

गेल्या महिन्यात अक्का गेल्या. झोपेतच, कुणाला काही कळायच्या आत. मला फार पोरकं वाटलं. मीराला घेऊन त्यांच्या घरच्यांना भेटायला गेलो. त्यांचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. माझे हात सवयीने पुढे झाले. मी ते मागे घेतले आणि एक पायरी मागे राहून चढू लागलो. मध्ये ती थांबली, कठड्याला धरून. मीही थांबलो, आणि ती निघाली तेव्हा आणखी काही पायऱ्या मागे राहिलो.

वर पोचल्यावर ती धापा टाकत म्हणाली, "अप्पा, ये की लवकर."