वकिलाच्या संगणकातली जीप

ती घटना आठवली की आजही डोकं तापतं. डॉक्टरांनी रक्तदाब सांभाळायला सांगितलंय, पण काही प्रकरणं गोळीनेही शांत होत नाहीत.

दोन हजारच्या दशकाची अखेर होती. नाशिक जिल्ह्यातल्या एका ग्रामीण ठाण्याचा चार्ज मी नुकताच घेतला होता. सकाळची हजेरी संपली आणि पेठ तालुक्याकडची एक बाई दारात येऊन उभी राहिली. निफाडच्या बाजूला द्राक्षबागांत कामाला येणाऱ्या मजुरांपैकी ती. तीन महिन्यांपूर्वी कामावर जाताना तिचा नवरा गाडीखाली सापडून मेला होता. आमच्या दप्तरी गुन्हा उघडकीस आलेला होता. सातपूरचा एक ट्रक जप्त, चालक जामिनावर, दोषारोपपत्राची तयारी चालू.

"साहेब, ट्रक नव्हता. पांढरी जीप व्हती. मी त्याच्या मागंच चालत व्हते."

"मग बाई, जबाबात का नाही सांगितलं?"

"मला कुणी इचारलंच नाय. वकिलाच्या माणसानं भरपाईच्या कागदावर आंगठं घेतलं, हवालदारानंबी घेतलं."

मी कागद मागवले. तिच्या जबाबात तीन ओळी होत्या. मी झोपडीत होते, निरोप आला, कोणावर संशय नाही. खाली अंगठा. डोळ्यांसमोर नवरा गेलेल्या बाईला आमच्याच हवालदाराने झोपडीत बसवलं होतं! ट्रकचा नंबर सांगणारा साक्षीदार मात्र अपघातानंतर आठ दिवसांनी, शुक्रवारी, आपणहून उगवला होता. इतक्या उशिरा ज्यांना नंबर आठवतो, त्यांच्याकडून तो बहुधा कोणीतरी पाठ करून घेतलेला असतो.

ट्रकचालकाला बोलावलं. "चूक झाली साहेब, वळणावर ताबा सुटला," तो पोपटासारखा बोलला. मी त्याला जागेवर नेलं आणि म्हटलं, "दाखव तुझं वळण." तिथला रस्ता काठीसारखा सरळ. गडी बराच वेळ इकडेतिकडे बघत राहिला, मग रडायलाच लागला. मालकाच्या सांगण्यावरून गुन्हा अंगावर घेतला होता. सगळी जुळवाजुळव बाईचा भरपाईचा दावा घेतलेल्या, अपघाताच्या दाव्यांत नावाजलेल्या एका वकिलाची होती. विम्याच्या पैशांत त्याचा आणि मालकाचा वाटा ठरलेला होता.

चालक उद्या फिरला असता. पुरावा हवा होता. मी वकिलाच्या ऑफिसात गेलो. नवीन साहेब ओळख करून घ्यायला आले असं समजून त्याने चहा मागवला. टेबलावर एकही फाईल नव्हती, नुसता संगणक.

"सगळ्या केसेस इंटरनेटवर, साहेब. परगावच्या कंपनीच्या सर्व्हरवर. उद्या ऑफिस जळलं तरी फाईल जळत नाही. कोणी कधी काय लिहिलं, काय बदललं, तेही दिसतं. कारकुनांवर लक्ष राहतं."

"वा! आमच्याकडची एखादी दाखवा की," म्हणत मी त्या मजुराचं नाव घेतलं. वकिलाचा कप हातातच राहिला, पण शेजारच्या टायपिस्टने तोवर फाईल उघडलीही होती.

बदलांची यादी समोर आली. सोमवारी वाहन म्हणून जीप लिहिली होती, नंबरासकट. पुढे शेरा होता, 'विमा नाही'. मंगळवारी जीप काढून तिथे विमा असलेला ट्रक घातला होता. आणि आमचा साक्षीदार ठाण्यात आला शुक्रवारी!

माझा संताप अनावर झाला. जो तपास आम्ही करायचा, तो वकिलाच्या माणसाने गावात फिरून चार दिवसांत केला होता. खरी गाडी सापडली होती. पण तिचा विमा नाही म्हणून ती गाडीच बदलली, आणि माझ्या ठाण्याने त्यावर शिक्का मारला. कुंपणच शेत खात होतं. मी सर्व्हरवाल्या कंपनीला पत्र पाठवून, खरेपणाच्या प्रमाणपत्रासह नोंदी मागवल्या आणि हवालदाराच्या निलंबनाचा अहवाल त्याच दिवशी पाठवला.

मग बाईला बोलावलं. खरं सांगणं भाग होतं. "बाई, जीपचं नाव आलं की विमा कंपनी एक पैसा देणार नाही. जीपवाल्याकडून भरपाई मिळायला वर्षं जातील. कदाचित मिळणारही नाही. विचार करून बोला."

"साहेब, ती जीप रोज त्याच वाटंनं जाती. आमी बाया रोज बाजूला उड्या मारतो. आधी ती थांबवा."

जीप जप्त झाली, तिच्या चालकाला अटक झाली. ट्रकचा मालक आणि चालक अपघाताच्या नव्हे, पण खोटेपणाच्या गुन्ह्यात अडकले. वकिलाला मात्र अटकपूर्व जामीन मिळाला, आणि मी निवृत्त झालो तेव्हाही त्याच्या खटल्याला तारखाच पडत होत्या. त्या बाईच्या हातात तोवर छदामही आला नव्हता. याला न्याय म्हणायचं असेल तर म्हणा, माझी जीभ रेटत नाही.

हाताखालच्या लोकांना पुढे मी एकच सांगत आलो, अंगठा घेण्याआधी माणसाला बोलू द्या. ते मी तिच्याकडूनच शिकलो. तिचा नवा जबाब लिहून झाल्यावर मी सवयीने शाईचं पॅड पुढे सरकवलं, तेव्हा तिने हात पदराखाली घेतला.

"आधी वाचून दाखवा," ती म्हणाली.

मी उभा राहिलो आणि शब्द न् शब्द वाचून दाखवला. मग तिने अंगठा दिला.