कच्च्या पाल्याचं खत

दमट झालेल्या युरियाचा उग्र वास आला की मला आमचं इब्रामपूरचं पिवळं पडलेलं शेत आठवतं. त्या वर्षी मीच हट्टाने सासऱ्यांना युरिया बंद करायला लावून काजूच्या पाल्याचं खत घातलं होतं. पण पाला अर्धकच्चा होता. कुजताना मातीतलं नत्र तोच खात होता आणि भात उपाशी राहत होतं. पिवळेपणा रोज वाढतच होता. शेवटी एका दुपारी, घरची सगळी जेवून पडली असताना, मी चिखलात उतरून बादलीभर युरिया फेकला. आठ दिवसांत शेत गडद हिरवं झालं, माजलं, आणि लोंब्या भरता भरता एका वाऱ्यात सपाट आडवं पडलं. सासरे बांधावर बसले आणि मान खाली घालून म्हणाले, “माझीच चूक गो. तुझा खत फुकट गेला असा कोणी म्हणाक नये म्हणान मी कोणाक न सांगता युरिया मारलंय.” मीही मारला होता, म्हणून तो दुप्पट झाला, हे माझ्या ओठांवर आलं आणि तिथंच राहिलं. त्यानंतर त्यांनी युरियाच्या गोणीला हात लावला नाही. आजही म्हणतात, “तूच घाल, माझो हात वायट.” आणि मी घालते.