गेंदासाठी मांडलेलं दळण

अंजनी माझी थोरली काकू. जबलपूर मध्यप्रांतात होतं तेव्हाची गोष्ट. वर्ध्याकडची ही मुलगी लग्न होऊन जबलपूरच्या घमापूर वस्तीत आली. पुंडलिककाका कारखान्यात फिटर होते. मूलबाळ झालं नाही, पण गेंदा नावाचा पिवळा कुत्रा काकूनं तो अगदी पिल्लू असल्यापासून सांभाळला होता.

एका दिवाळीत कुणीतरी गेंदाच्या शेजारीच फटाक्यांची माळ पेटवली. दोरी तोडून पळाला तो भाऊबीज उलटल्यावर रेल्वेलाइनकडून परतला, मागचा पाय ओढत. पायाला हळद-तेल चोळता चोळता काकू एवढंच म्हणाली, "पुढच्या दिवाळीले याच्या केसाले धक्का लागू देणार नाही मी."

बोलली तशी वागली. दुसऱ्या वर्षी वसुबारसेपासूनच तिनं मागची कोठीची खोली रिकामी केली. खिडकीवर रजया ठोकल्या, दाराच्या फटींत चिंध्या कोंबल्या. गेंदाच्या गळ्यात कापडी पट्टा शिवला आणि त्यावर तांबड्या दोऱ्यानं काकांचं नाव काढलं, म्हणजे सुटलाच तर कुणी आणून देईल. शेवटी जातं ओढत त्या खोलीत नेलं.

तिची सासू सत्यभामाबाई ते पाहून भडकल्या. "लक्ष्मी यायच्या वेळेले दळण? काहून असं अभद्र करून राहिली?"

"आत्याबाई, पुढचं दार सताड उघडं राहील. रांगोळी, पणत्या, पूजा, सगळं जसंच्या तसं. बाहेरचा धमाका तर मी थांबवू शकत नाही. जात्याची घरघर कानाशी असली तर त्याले तो कमी ऐकू येईल."

 लक्ष्मीपूजनाच्या तिन्हीसांजेला सासूबाई काठी घेऊन स्वतःच पुढच्या दारात बसल्या. अंगणात फटाका टाकायची कुणाची हिंमत झाली नाही.

काकूच्या खोलीची बातमी गल्लीत पसरली होती. पूजा आटोपते न आटोपते तोच शेजारची मीरा आपली गाभण बकरी घेऊन आली. "दीदी, इसे भी रख लो. कल पटाखे से डरकर गिर पड़ी थी." मागोमाग धोब्याची मांजर झाकणाच्या टोपलीतून आली, शिंप्याचा पोपट पिंजऱ्यातून. काकूनं कुणाला नाही म्हटलं नाही. पिंजरा उंच खुंटीला टांगला, टोपली कोपऱ्यात सरकवली आणि जात्याला हात घातला.

बाहेर बार उडायला लागले. आत घरघर, तिच्या ओव्या, पिठाचा वास. गेंदा थरथरत होता, पण तिच्या मांडीला डोकं लावून पडून राहिला.

अशात बकरीला कळा सुरू झाल्या. मीरा घाबरली. करडू अडलं होतं. काकूनं दळता दळताच हाक मारली, "आत्याबाई, लवकर या!"

सासूबाईंनी काठी काकांच्या हातात दिली. "तू बस इथं. दार सोडू नको." त्या आत आल्या, हात धुतले, तेल लावलं आणि बकरीपाशी बसल्या. काकू मदतीला उठू लागली तर म्हणाल्या, "तू दळण थांबवू नको. बकरी बिचारी बाहेरच्या आवाजानं दचकते. मी आहे ना!"

बराच वेळ गेला. मग अडलेला पाय सरळ झाला आणि ओलंचिंब करडू सासूबाईंच्या पदरात आलं. पाठोपाठ दुसरं. मीरा रडतही होती, हसतही होती. सासूबाईंनी सुनेकडे पाहिलं. तिच्या केसांवर, भुवयांवर पीठच पीठ होतं, तळहाताला फोड आले होते. त्यांनी स्वतःच्या पदरानं तिचं तोंड पुसलं.

लाह्या-बत्तासे घ्यायला आलेल्या बायकांना त्या दारातच थांबवत. "आधी मागच्या खोलीत जाऊन पाहा, माझ्या सुनेनं काय केलं ते. फक्त आवाज करू नका."

पुढच्या दिवाळीला एवढी जनावरं आली की काकांना ओसरीही बंद करून द्यावी लागली. दळायला मीरा आली, शिंपीण आली, आणि जात्याचा पहिला फेरा सासूबाईंनी मारला. धुळवडीलाही रंगापासून वाचवायला लोक आपली कुत्री-मांजरं आमच्याकडेच आणून सोडू लागले.

आमच्या घराण्यात कुणी रावसाहेब झाला नाही. पण घमापुरात पुंडलिक फिटरचं घर विचारलं तर लोक क्षणभर आठवत राहायचे आणि मग म्हणायचे, "अच्छा, अंजनीबाई का घर! चलो, दिखाते हैं." काका हे कारखान्यात सगळ्यांना सांगायचे, आणि सांगताना त्यांची छाती फुगायची.