सुईमास्तरांचं कोलेस्टेरॉल

कपडे शिवायचे म्हणून ते मास्तर, आणि अंगाने इतके किडकिडीत की गल्लीने त्यांचे सुईमास्तर करून टाकले. तीस वर्षं कंबर अठ्ठावीसच. याचा त्यांना कोण अभिमान! गिऱ्हाइकाच्या पोटाभोवती टेप फिरवली की आकडा गुपचूप वहीत लिहायचं सोडून मोठ्याने जाहीर करायचे.

"मागच्या खेपेला छत्तीस, आता एकोणचाळीस. मी कापडात दोन बोटं माया सोडतो हो साहेब, पण तुमचं काळीज सोडेल का?"

त्यांचं आवडतं गिऱ्हाईक म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. फर्निचरचं दुकान, कंबर चव्वेचाळीस, आणि इंजेक्शनची सुई बघितली की घाम. विम्यासाठी त्याला रक्त तपासून घ्यायचं होतं. एकट्याने जायची हिंमत होईना.

"दाजी, तुम्ही पण चला ना सोबत."

"चल. मी पण देतो रक्त. चांगला रिपोर्ट कसा दिसतो, तेही बघशील!"

रिपोर्ट आले. मेहुण्याचं वाईट कोलेस्टेरॉल शहाण्णव. मास्तरांचं दोनशे अठरा.

"नळ्या बदलल्यात," मास्तर शांतपणे म्हणाले. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या लॅबमध्ये गेले. तिथे दोनशे वीस. मेहुण्याने तोंड पाडायचा मनापासून प्रयत्न केला, पण गाल ऐकेनात. "काळजी करू नका दाजी, मी आहे ना," असं तो दिवसातून तीनदा फोन करून सांगू लागला.

डॉक्टरकडे जाण्याऐवजी मास्तरांनी घरातच युद्ध पुकारलं. लोणी बंद, अंड्याचा बलक बंद, तेलाची बाटली माळ्यावर. बायको म्हणाली, "अहो, रिपोर्ट तुमचा आहे, आजारपण सगळ्या घराला कशाला?" पण मास्तर हट्टाला पेटले होते. सहा आठवडे उकडलेल्या भाज्या खाऊन अठ्ठावीसची कंबर सव्वीस झाली. स्वतःची पॅंट त्यांना स्वतःच आत घ्यावी लागली. पुन्हा रक्त दिलं. दोनशे एक.

तेव्हा कुठे ते डॉक्टरीणबाईंसमोर जाऊन बसले. मेहुणा सोबत होताच. ही मजा तो थोडीच सोडणार?

"बाई, मला ते शून्यावर आणायचंय. काय वाटेल ते सोडतो."

"शून्यावर आलं तर तुम्हीच राहणार नाही," बाई हसल्या. "शरीरातल्या प्रत्येक पेशीच्या आवरणात कोलेस्टेरॉल असतं. कितीतरी हार्मोन्स त्याच्यापासून बनतात, तेल-तूप पचवणारं पित्तही. ते लागतंच, म्हणून बरंचसं यकृत स्वतःच तयार करतं. जास्त झालं की मात्र रक्तवाहिन्यांच्या भिंतीत साचत जातं."

"पण मी तर एवढा बारीक!"

"यकृत कंबरेचं माप विचारत नाही, मास्तर. वडील आहेत?"

"सत्तेचाळिसाव्या वर्षी गेले. मशीनवर बसल्या बसल्या. माझ्यासारखेच होते, बारीक."

मेहुण्याचं हसू केव्हाच मावळलं होतं. त्याने नकळत मास्तरांच्या पाठीवर हात ठेवला.

बाईंनी रोजची एक गोळी लिहून दिली, उपाशी मरायचं नाही अशी तंबी दिली आणि मेहुण्याकडे वळल्या. "तुम्ही पण खुशीत राहू नका. एक आकडा चांगला आला म्हणून पोट माफ होत नाही. आधी ब्लडप्रेशर दाखवा." ब्लडप्रेशर वाढलेलं निघालं. मास्तरांना तेवढाच दिलासा.

"आणि हे घराण्यात असू शकतं," बाई म्हणाल्या. "मुलं, भावंडं, सगळ्यांची तपासणी करून घ्या."

मुलाची तपासणी ठीक निघाली. राहिली थोरली बहीण. तिच्याशी नऊ वर्षं बोलणं नव्हतं. एका लग्नासाठी तिचे कपडे शिवताना मास्तरांनी तिच्या कंबरेचा आकडा सगळ्या पाहुण्यांदेखत सांगितला होता, हसत हसत. ती तशीच उठून गेली होती.

दोन दिवस ते फोन हातात घेत आणि खाली ठेवत. तिसऱ्या दिवशी दुपारी दुकानाचं शटर अर्धं ओढून त्यांनी नंबर लावला. काय बोलायचं ते सगळं पाठ केलेलं, ऐन वेळी सगळं उडालं.

"ताई, तुझं कोलेस्टेरॉल किती?"

"नऊ वर्षांनी फोन केलास, आणि हे विचारतोस?"

"बाबांसारखं आहे ग माझं. डॉक्टर म्हणाल्या, तुला सांगायलाच हवं."

"चार वर्षं गोळी घेतेय मी," ती म्हणाली. "तुला सांगावं असं दर महिन्याला वाटायचं. पण तुझी सुई टोचायची भीती."

मास्तर म्हणाले, "चुकलं माझं."

"कळलं. गोळी कधी घेतोस? जेवणाआधी की नंतर?"

मग दोघं तासभर बोलत राहिली. बाहेर एक गिऱ्हाईक अर्ध्या शटरखाली वाकून दोनदा डोकावून गेलं. मास्तरांनी त्याला हातानेच 'उद्या या' म्हणून सांगितलं.