अंगात आलं नव्हतं, फिट होती

डॉक्टरांनी मला दहा मिनिटांत समजावलं. मी घरच्यांना दोन वर्षं समजावतेय! फिट आली की माणूस पडलाच पाहिजे, तोंडाला फेस आलाच पाहिजे, असं काही नसतं. माझी फिट उजव्या अंगठ्यापासून सुरू होते. अंगठा उडतो, मग मनगट, मग अख्खा हात, आणि ओठाचा कोपरा एका बाजूला ओढला जातो. मेंदूच्या एका छोट्या भागातच गडबड होते, म्हणून मी शुद्धीवर असते. सगळं दिसतं, ऐकू येतं. फक्त बोलता येत नाही. मिनिट-दीड मिनिटात थांबतं.

"शुद्धीवर असतंस मां? मगे फिट कसली? नाटकां नुसती. तो मोबाईल कमी कर," हे आईचं ठरलेलं उत्तर. डोकं आपटून घ्यावंसं वाटायचं.

यंदा गौरीपूजनाला आमच्या घाटकोपरच्या घरी मजल्यावरच्या सगळ्या बायका जमल्या होत्या. आरतीला मी टाळ घेऊन उभी. मध्येच अंगठा उडाला. टाळ खाली ठेवायला गेले, तोवर हातच थडथडायला लागला आणि टाळ आपोआप वाजायला लागले. तोंड वाकडं झालं.

"गौराय इली गो!" काकी ओरडली. झालं, वाट लागली! कुणी कपाळभर कुंकू फासलं, कुणी ओटीचा नारळ आणला. शेजारीण पाया पडून विचारतेय, "आई, रीडेव्हलपमेंटचं घर कधी मिळेल?" अगं बाई, मला काय विचारतेस, बिल्डरला विचार ना! मला खाली बसवा, हातातले टाळ काढा, समई बाजूला करा, एवढं केलं असतं तरी पुरे होतं.

मग आई पुढे आली. तिने माझ्या पायांवर डोकं ठेवलं. आता हीसुद्धा! असा संताप आला म्हणून सांगू.

"गौरायबाय, माझ्या चेडवाक बरा कर," ती पुटपुटली. "मी तिका नाटकी म्हणतंय, पण ती गोळी घेता काय नाय, ता रोज चोरून बघतंय. माका भय वाटता."

हात थांबला. जीभ सुटायला आणखी थोडा वेळ लागला. बायका कौलाची वाट बघत होत्या.

"आई, ऊठ," मी म्हणाले. "सकाळपासूनच्या गडबडीत आजची गोळी राहिली गं माझी."

ती उठली. कुठे आहे म्हणून विचारलंसुद्धा नाही. कपाटातल्या माझ्या ओढण्यांखालची डबी घेऊन आली, आणि पाण्याचा तांब्या.