तंबूला डबलटीप

माझे भावोजी गाड्यांची सीटकव्हरं शिवतात. अख्खी गल्ली त्यांना डबलटीप म्हणते, कारण एका टिपेवर त्यांचा कधी विश्वासच बसला नाही. एक टीप घातली की शेजारून दुसरी घालायची, आणि हात शिवशिवत असले तर तिसरीही. खाली दुकान, वर घर. मशीन फार वेळ थांबेना, की वरच्या खिडकीतून माझी ताई ओरडायची, "अहो, पुरे आता!" मशीन बंद. त्यांचा संसार असाच चालला, आणि बरा चालला.

ताई गेली तेव्हा हा माणूस रडला नाही. भेटायला येणाऱ्यांना "चहा घेणार ना?" विचारायचे, आणि आठवडा उलटायच्या आत दुकान उघडून बसले. मी दोनदा भांडून पाहिलं. ते ढिम्म. माझी भाची मात्र आतल्या आत धुमसत होती. "मावशी, बाबांना काही वाटतच नाही. मला तुझ्याकडे ने." मलाही तेच बरं वाटलं. त्या रविवारी मी तिला न्यायलाच आले होते. तिची बॅग भरून जिन्यात ठेवलेली होती.

नेमका त्याच दिवशी भावोजींनी तंबू बाहेर काढला. ताईने तो आजारपणात हौसेने मागवला होता. गाडीत टाकायचा, तळ्याकाठी ठोकायचा, "बरी झाले की जाऊ" म्हणायची. घरामागच्या मोकळ्या जागेत भावोजींनी तो पसरला आणि आम्हाला हाक मारली.

"एकट्याने होत नाही," एवढंच म्हणाले.

भाची तोंड फुगवून आली. लवचिक दांड्या कापडाच्या नळ्यांतून घालायच्या होत्या. मी एक ओढली, ती मधेच सुटली.

"ओढू नकोस, ढकल."

"तुम्ही आयुष्यात तंबू ठोकलाय का कधी?"

"नाही. कागदावर लिहिलंय."

शेवटी तंबू उभा राहिला. त्यावर पावसासाठीचं वरचं कापड टाकलं, तर ते उलटं पडलं, दार मागच्या बाजूला. पुन्हा फिरवलं, कोपऱ्यांचे हूक अडकवले, दोऱ्या ताणून खुंट्या ठोकल्या. भावोजी आणि मी आत जाऊन बसलो. भाचीने बागेची नळी आणली आणि वरून पाणी सोडलं.

माझ्या डोक्यावर थेंब पडला. मग आणखी एक. मग छताच्या जाळीतून ओळीने गळायला लागलं. नव्याकोऱ्या तंबूला झालं काय म्हणून मी वर पाहिलं. वरच्या कापडावर कारखान्यातल्या शिवणीशेजारी जाड काळ्या दोऱ्याची टीप होती. तिच्या शेजारी दुसरी, मग तिसरी. सुईच्या भोकाभोकातून पाणी येत होतं.

"कर्म माझं! भावोजी, हे तुम्ही केलंत?"

भाचीने आत डोकं घातलं, वर पाहिलं, आणि तिचा पारा चढला. "आईने सांगितलं होतं ना, याला सुई लावायची नाही म्हणून? हॉस्पिटलात जातानासुद्धा सांगितलं होतं!"

"हो," भावोजी म्हणाले. चष्म्यावर थेंब पडत होते, ते पुसत नव्हते. "एक टीप घातली. मशीन थांबवून वाट बघितली. वरून कुणी ओरडलं नाही. मग दुसरी घातली. मग घालतच गेलो."

भाचीने जाऊन नळ बंद केला.

भावोजींनी दुकानातून रबराचं सोल्युशन आणलं. वरचं कापड उतरवून आम्ही पुसून वाळवलं, आणि ते बोटाने एकेक भोक बुजवायला बसले. भाची समोर कापड ताणून धरून होती. सगळ्या ओळी झाल्या, तरी त्यांचं बोट पुन्हा पहिल्या ओळीवर गेलं. मग पुन्हा. बुजलेलंच बुजवत होते.

"बाबा, पुरे आता!"

थेट ताईचा आवाज, तसाच वैतागलेला. भावोजींचं बोट जागच्या जागी थांबलं. त्यांनी चष्मा काढला आणि लहान मुलासारखे हमसून हमसून रडले. भाचीने त्यांचा चिकट हात धरला तो सोडला नाही.

मी जिन्यातली बॅग उचलली आणि परत वर नेऊन ठेवली.