टॉवेलाखालचा सवाल

हळदीचा हंगाम तोंडावर आला, तरी आमच्याकडं भागीदार नव्हता. मी साताऱ्याचा, दोस्त सांगलीचा. दोघांनी मिळून हळदीतला ओलावा सांगणारं यंत्र केलं होतं. पण शेतकरी आमच्यावर कशाला विश्वास ठेवेल? तो ठेवतो आपला माल विकून देणाऱ्या अडत्यावर. पुण्याची एक कंपनी तयार होती, पण तिला यंत्रावर फक्त स्वतःचं नाव हवं होतं. म्हणजे आम्ही हमाल. राहता राहिला सांगलीचा एक म्हातारा अडत्या. तो नाही म्हणाला तर हंगाम गेला आणि आमची कंपनीही गुंडाळायची, हे दोघांनाही पक्कं माहीत होतं. त्याच्या पेढीवर मला धड बसवत नव्हतं.

त्यानं यंत्राकडं नीट बघितलंही नाही. खांद्यावरचा टॉवेल काढून माझ्या हातावर टाकला. पूर्वी हळदीचा भाव असाच ठरायचा, टॉवेलाखाली बोटं दाबून, शेजारच्याला न कळता. म्हणाला, "तुमा दोघांचं वाजलं तर शेवटचा शब्द कुणाचा? सोताचा आसंल तर एक बोट दाब, ह्याचा आसंल तर दोन."

मी दोन दाबली. मग दोस्ताचा हात टॉवेलाखाली गेला.

"ह्यानंबी दोनच दाबली," म्हातारा म्हणाला. मला एकदम भरून आलं. वाटलं, काम झालं.

"न्हाई जमायचं गड्या," तो टॉवेल झटकत म्हणाला. "उद्या माझ्या गिऱ्हाइकाचा माल बिघडला तर मी कुणाचं दार वाजवू? तुमी एकमेकाच्या गळ्यात घालून मोकळं."

डोकंच फिरलं माझं. साताऱ्याकडं परतताना कऱ्हाडपर्यंत मी त्याचा उद्धार करत गाडी चालवली. पण आतून टोचत होतं, कारण म्हातारा खोटं बोलला नव्हता. पुण्याला नकार कुणी कळवायचा, यावरून आम्ही आठवडाभर "तू कर, तू कर" करत बसलो होतो. शेवटी त्यांनीच फोन करायचं सोडलं. ती दोन बोटं म्हणजे प्रेमबीम काही नव्हतं. मला जबाबदारीतून सुटका हवी होती.

उंब्रजला चहाला थांबलो. म्हटलं, "ऐक. शेवटचा शब्द माझा. बिघडलं तर शिव्या खायलाबी मीच जाणार."

वाटलं, आता हा उखडणार. त्यानं कप खाली ठेवला.

"हे ऐकायला कवापास्नं थांबलोय रं," तो म्हणाला. "वळव गाडी."